परीक्षा कोणाची?

आंब्याला मोहोर येतो, पळस फुलतो, उन्हे तापू लागतात आणि आपल्याकडे आणखी एक ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याची नोंद नाही. परंतु महाराष्ट्रातील घराघरांत तो पाळला जातो. तो ऋतू म्हणजे दहावीच्या परीक्षेचा. बालमित्रांनो, तुमच्यापैकी कोणाची ताई वा कोणाचा दादा यंदा या परीक्षेला बसणार असेल, तर या ऋतूची चाहूल तुम्हांला लागलीच असेल. घरात मोठ्याने बोलण्याची बंदी होते. दूरचित्रवाणीचा संच मुका होतो. पाहुण्यांना कोणी 'येऊ नका' असे म्हणत नाही. तरी तो निरोप त्यांना आपोआप पोहोचतो. तुमचा चेंडू अंगणातून उचलला जाऊन कपाटावर विराजमान होतो. तुम्ही कारण विचारता आणि उत्तर मिळते, "यंदा आपल्याकडे दहावी आहे!"

या उत्तरातील 'आपल्याकडे' या एका शब्दाविषयी मला आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. परीक्षेला बसणार एक मूल. मग परीक्षा साऱ्या घराची कशी होते? आणि ती तशी व्हावी काय?

घरातील माणसांच्या या काळजीची थट्टा करू नये. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच पुढे मॅट्रिक म्हणून सर्वांच्या तोंडी रुळली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. त्यानंतर कित्येक दशके खेड्यापाड्यांत मॅट्रिक झालेला तरुण विरळाच असे. तो उत्तीर्ण झाला की कचेरीतील अथवा शाळेतील नोकरीची वाट मोकळी होई, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची सोय लागे आणि घरावरील कर्ज फिटण्याची आशा वाटे. तो अनुत्तीर्ण झाला, तर ती आशा मावळे. पुष्कळ कुटुंबांचे भवितव्य त्या काळी एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर अवलंबून असे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे काळ पालटला. १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. पूर्वी अकरावीच्या अखेरीस होणारी शालान्त परीक्षा १९७५ पासून दहावीच्या अखेरीस होऊ लागली. आज दरवर्षी सुमारे १५ ते १६ लाख मुलेमुली या परीक्षेला बसतात. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ३५ गुण पुरतात. एकदोन विषयांत अपयश आले, तरी अकरावीत प्रवेश घेण्याची सवलत आहे. शिवाय, २०१५ पासून अनुत्तीर्णांना ऑक्टोबरपर्यंत ताटकळावे लागत नाही. त्याच वर्षी जुलैच्या सुमारास त्यांची पुन्हा परीक्षा घेतली जाते. पुढे कोणी महाविद्यालयात जातो, कोणी तंत्रनिकेतनात, तर कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून आपल्या पायांवर उभा राहतो. मनाजोगते महाविद्यालय मिळणे गुणांवर अवलंबून असते, हे खरे. म्हणून अभ्यास मन लावूनच करावयास हवा. परंतु एक दार लागले म्हणजे सारा वाडा बंद झाला, अशी स्थिती आता राहिलेली नाही. भीतीचे कारण पुष्कळसे ओसरले; भीती मात्र वारशाने घरात राहिली.

ही भीती प्रेमाचे रूप घेऊन येते, म्हणून ती ओळखणे कठीण जाते. मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो व आमच्या शाळेतील परीक्षा केंद्राची व्यवस्था पाहत असे. एका वर्षी पहिल्याच दिवशी, घंटा होऊन बराच वेळ झाला तरी एका मुलाची उत्तरपत्रिका कोरीच होती. बैठक क्रमांकापलीकडे त्याने एक अक्षर लिहिले नव्हते. मुलगा तर अभ्यासू. मी त्याला पाणी देवविले, पाठीवर हात ठेवला. अर्ध्या तासाने तो लिहू लागला. वेळ संपल्यावर मी त्याला जवळ बोलावून विचारले, "का रे, प्रश्न फार अवघड होते का?"

"नाही सर, सगळे येत होते. पण आजोबांचा रेडिओ डोळ्यांपुढून हलेना."

हळूहळू सारी हकिकत कळली. त्याचे आजोबा रोज पहाटे रेडिओवर भक्तिगीते ऐकत. दिवाळीपासून तो रेडिओ बंद होता. आई शिवणकाम करी. यंत्राचा आवाज नको म्हणून तिने घरी येणारे कपडे परत पाठविले होते. धाकट्या बहिणीची मामाकडे रवानगी झाली होती. त्या घरात त्याला कोणी रागावले नव्हते की कोणी धाक घातला नव्हता. प्रत्येकाने आपापले काहीतरी सोडले होते, एवढेच. तो मुलगा मला म्हणाला, "सर, मी नापास झालो तर एवढे सगळे त्यांना परत कसे देऊ?"

त्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. कारण त्यात माझाही दोष होता. प्रतिवर्षी निरोपसमारंभात मी मुलांना सांगत असे, "ही तुमच्या आयुष्याची कसोटी आहे. आईवडिलांचे पांग फेडा!" टाळ्या पडत आणि मला समाधान वाटे. परंतु आईवडिलांचे पांग तीन तासांच्या एका प्रश्नपत्रिकेत फिटत नसतात. ते जन्मभर वागण्याबोलण्यातून, म्हातारपणी दिलेल्या आधारातून थोडेथोडे फेडावयाचे असतात. ते ओझे मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या लेखणीवर ठेवीत होतो. त्यानंतर ते वाक्य मी कधीही उच्चारले नाही.

मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "मला सांगितलेस ते आज घरी जाऊन आजोबांना सांग." दुसऱ्या पेपराच्या दिवशी तो फाटकातच मला भेटला व हसून म्हणाला, "सर, आज पहाटे रेडिओ लागला!" त्या दिवशी घंटा होताच त्याने लिहावयास सुरुवात केली.

यावर कोणी म्हणेल, "मग परीक्षेच्या दिवसांत घरात गोंगाट करावा की काय?" मुळीच नाही. अभ्यासाला शांतता हवी. तिच्यासाठी दिवसातील काही तास ठरवावेत, घराचा एक कोपरा राखून ठेवावा आणि त्या वेळी सर्वांनी आवाज सांभाळावा. परंतु वर्षभर सुतक पाळल्यासारखे घर ठेवणे वेगळे. घर हसते-बोलते असले, म्हणजे अभ्यासावरून उठलेल्या मुलाला विसावा मिळतो.

त्याचप्रमाणे परीक्षार्थी मुलाच्या वाट्याचे लहानसे कामही कोणी काढून घेऊ नये. झाडांना पाणी घालणे, दुकानातून जिन्नस आणणे, आपले ताट आपण उचलणे, यांना किती वेळ लागतो? त्या दहा मिनिटांत शिणलेले डोके हलके होते आणि 'मी या घराच्या उपयोगी पडतो' ही जाणीव टिकून राहते. गुण कमी पडले तरी ही जाणीव माणसाला सावरते. जे मूल वर्षभर केवळ गुण मिळविण्यासाठीच घरात आहे असे त्याला वाटू लागते, त्याच्यापाशी गुण गेल्यावर काहीच उरत नाही.

काही घरांत याच्या उलट प्रकारही दिसतो. उद्या मुलीचा पेपर असला तरी स्वयंपाक, भांडी आणि धाकट्यांची देखभाल तिच्याकडेच. आणि भावाची परीक्षा दोन वर्षांवर असूनही त्याला सर्व माफ! हाही अन्यायच होय. म्हणून मी 'वाट्याचे काम' म्हणतो. वाटा सर्वांचा असावा, मुलाचा व मुलीचा सारखा असावा, आणि परीक्षेच्या दिवसांत इतरांनी तो थोडा हलका करावा.

बालमित्रांनो, तुम्ही अजून या परीक्षेपासून दूर आहात. तरी तुम्हांला पुष्कळ काही करता येईल. ताईला 'किती टक्के मिळणार?' असे विचारू नका. तो प्रश्न तिला सगळा गाव विचारीत असतो. तिच्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवा. संध्याकाळी तिला घटकाभर खेळावयास बोलवा. शाळेतील गमतीजमती तिला सांगा. पुढे तुमची पाळी येईल, तेव्हा अभ्यास आरंभापासून नियमित करा आणि मनात भीती दाटून आली तर ती लपवू नका. आईला सांगा, वडिलांना सांगा, शिक्षकांना सांगा. आधी कोणालाही सांगा, पण सांगा. माझ्या त्या विद्यार्थ्याचे ओझे एका वाक्याने उतरले. पण ते वाक्य बोलण्यासाठी त्याला धैर्य करावे लागले होते.

निकालाच्या दिवशी गुण कितीही पडोत, त्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे, एवढी प्रथा जरी प्रत्येक घराने पाळली, तरी पुष्कळ मुलांची भीती निम्म्याने कमी होईल, असे मला वाटते.

म्हणून यंदा तुमच्या घरी कोणी विचारलेच, तर 'आपल्याकडे दहावी आहे' असे सांगू नका. 'आमची ताई दहावीला आहे,' असे सांगा. परीक्षा ताईची, ती तिला देऊ द्या. घर मात्र सर्वांचे आहे. ते परीक्षेपूर्वी जसे होते, तसेच परीक्षेनंतरही तिला मिळाले पाहिजे.