बेवारस औषधांची जोडी

रोगजंतू औषधांना दाद देईनासे झाले की आपण नव्या औषधाची वाट पाहू लागतो. हाताशी असलेली दोन जुनी औषधे एकत्र दिल्यास काम भागेल काय, या प्रश्नाचा छडा लावण्यास मात्र फारसे कोणी पुढे येत नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु या अनास्थेचे मूळ वैद्यकात नसून अर्थकारणात आहे, असे त्याचे मत आहे.

यीस्ट वर्गातील 'कॅन्डिडा ऑरिस' ही बुरशी २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिली गेली आणि २०१३ साली भारतीय रुग्णालयांतूनही तिची नोंद झाली. फ्लुकोनाझोल या परिचित औषधाला ती बहुधा जुमानत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत गंभीर गटात घातले. अशा बुरशीवर चालणाऱ्या औषधांचे प्रकार मुळातच मोजके आहेत.

क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देतात, कारण एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. हेच तत्त्व येथेही लागू पडते. फ्लुसायटोसिन एकटे दिल्यास बुरशी लवकरच त्याला सरावते. अँफोटेरिसिन-बीच्या सोबतीने मात्र ते उपयुक्त ठरते. एड्सग्रस्तांना होणाऱ्या क्रिप्टोकॉकस यीस्टच्या मेंदूज्वरावर आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अँफोटेरिसिनच्या जोडीला फ्लुकोनाझोल दिलेल्या रुग्णांपैकी दहा आठवड्यांत शेकडा ४५ दगावले. फ्लुसायटोसिन दिलेल्यांपैकी शेकडा ३१. म्हणजे कोणतीही जोडी चालत नाही; योग्य जोडी चाचणीनेच ठरते.

मग ऑरिसविरुद्ध अशा मोठ्या चाचण्या का होत नाहीत? फ्लुसायटोसिन १९५७ सालचे. त्याचे पेटंट केव्हाच संपले. चाचणीचा खर्च एका कंपनीने सोसावा आणि लाभ सर्वच उत्पादकांनी उठवावा, असा हा व्यवहार आहे. नफ्यावर चालणारी कंपनी तो पत्करणार नाही आणि त्याबद्दल तिला दोष देण्यातही अर्थ नाही. आफ्रिकेतील ती चाचणीदेखील प्रामुख्याने ब्रिटन व फ्रान्समधील सार्वजनिक निधीतून झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सरकारी तिजोरीवर आणखी भार कशाला, असा आक्षेप येईल. परंतु भार आजही आहेच. तो अतिदक्षता विभागाच्या बिलांतून कुटुंबांवर पडतो. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत अँफोटेरिसिनसाठी महाराष्ट्रात नातेवाइकांनी जी वणवण केली, ती बाजाराच्या भरवशावर राहण्याचीच किंमत होती.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यातूनच हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध पुढे आले होते. तेव्हा हे काम आपल्याला अपरिचित नाही. औषधांच्या जोड्यांची चाचणी आणि त्यांचा राखीव साठा ही शासनाची जबाबदारी मानली गेली पाहिजे. ज्या औषधाला मालक उरलेला नाही, त्याचे पालकत्व समाजानेच घ्यावयाचे असते.