तुमच्या अ‍ॅपचा आराखडा तुमच्या ताब्यात हवा

पतसंस्था, दवाखाना, शाळा, छोटा कारखाना, तुम्ही काहीही चालवत असा, रोजचं काम आता कुठल्या ना कुठल्या अ‍ॅपवर चालतं. ते अ‍ॅप क्लाउडवर असतं, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या नाहीतर परदेशातल्या कुणाच्या तरी डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या सर्व्हरवर. बिल तुम्ही भरता. पण सर्व्हर किती आहेत, डेटाबेस कुठे आहे, बॅकअप कधी होतो, बाहेरच्याला आत यायला कुठून वाट आहे, हे सगळं कुठे लिहिलेलं आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘ते आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला माहीत आहे.’ तो सोडून गेला तर? माझं सांगणं एवढंच आहे: ही माहिती फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल स्वतःकडे ठेवा.

असा आराखडा लिहायला खास भाषा आहेत. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये ‘टॉस्का’ मंजूर केली. युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या एका प्रकल्पातून ‘कॅमल’ आली. प्रत्यक्ष कामात सर्वाधिक दिसते ती 2014 ची ‘टेराफॉर्म’. टॉस्कात लिहिलेलं प्रोग्रामर नसलेल्यालाही समजून घेता येतं. उदाहरणार्थ, अ‍ॅप वेब सर्व्हरवर ‘होस्टेड ऑन’, वेब सर्व्हर एका मशीनवर ‘होस्टेड ऑन’, अ‍ॅप डेटाबेसशी ‘कनेक्ट्स टू’. मशीनला 2 सीपीयू आणि 4 जीबी मेमरी हवी, एवढं लिहायचं. ते कुठल्या कंपनीचं, हे आराखड्यात अडकवून ठेवायची गरज नाही. कशाला काय लागतं हे लिहिलेलं असल्यामुळे आधी काय उभारायचं आणि नंतर काय, ते यंत्रणाच ठरवते.

टेराफॉर्मचं थोडं वेगळं आहे. भाषा एकच, पण अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरचं नाव वेगळं, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूरचं वेगळं. तेव्हा ‘हीच फाइल उद्या दुसऱ्या क्लाउडवर जशीच्या तशी चालेल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती पुन्हा लिहावी लागते. फक्त काय काय उभारायचं त्याची पूर्ण यादी हातात असते, आणि खरी किंमत त्या यादीलाच आहे. शिवाय ‘प्लॅन’ ही आज्ञा दिली की बदल करण्याआधीच तो स्क्रीनवर दिसतो: अधिक चिन्हापुढे नवं येणारं, उणे चिन्हापुढे पुसलं जाणारं. उणे चिन्ह डेटाबेसपुढे दिसलं तर तिथेच थांबायचं.

न लिहिलेली एक गोष्ट किती महागात पडते, हे ऑस्ट्रेलियात मे 2024 मध्ये दिसलं. युनिसुपर या 6 लाखांवर सभासदांच्या निवृत्तिनिधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणा पुसली गेली. ती उभारताना गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे एक वर्षाची मुदत आपोआप धरली गेली आणि मुदत संपताच ती यंत्रणा गेली. सभासदांना कित्येक दिवस खातं पाहता येईना. सावरताना दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेले बॅकअप मोलाचे ठरले.

म्हणून लगेच दोन क्लाउड एकदम चालवायला जाऊ नका. लहान संस्थेला तो खर्चही झेपत नाही आणि सांभाळायला माणसंही नसतात. अ‍ॅप एकाच ठिकाणी असू द्या. आराखडा आणि बॅकअप मात्र दुसरीकडे ठेवा.

भाषा निवडतानाही जपा. ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने तिचा मुक्त परवाना बदलला. नाराज लोकांनी ‘ओपनटोफू’ ही वेगळी शाखा काढली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. तुमच्या कामाला परवान्याची अडचण येईलच असं नाही, पण आराखडा कुठल्या भाषेत आहे आणि ती मुक्त आहे का, हे विचारून घ्या.

करारात लिहून घ्या की आराखड्याच्या फाइली संस्थेच्या मालकीच्या आहेत आणि त्या संस्थेच्याच गिट खात्यात (फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या जागी) राहतील, व्हेंडरच्या नाही. टेराफॉर्मची ‘स्टेट’ फाइल, म्हणजे प्रत्यक्षात काय उभं आहे त्याची नोंद, मात्र त्या खात्यात ठेवू देऊ नका. तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असू शकतात, ती वेगळी आणि कुलूपबंद हवी. क्लाउडच्या कन्सोलवर, म्हणजे वेबसाइटवर, जाऊन हाताने बदल करायची सवय बंद करायला सांगा, कारण तसा केलेला प्रत्येक बदल आराखड्याला खोटं ठरवतो. आणि वर्षातून एकदा, रिकाम्या खात्यावर, त्या फाइली आणि बॅकअप एवढ्यावरच अ‍ॅप पुन्हा उभं करून दाखवायला लावा. ते उभं राहिलं नाही, तर तुमच्याकडे आराखडा नाही असंच समजा.

यातलं काही करायला तुम्हाला प्रोग्रामिंग यायची गरज नाही. पुढचं बिल येईल तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा आणि या फाइली मागा.