बाळाची पेटी भरताना

मुर्ध्याहून एका भगिनीने पत्र लिहून विचारले आहे की बाळ येण्याआधी घरात काय काय आणून ठेवावे. पहिलेच बाळंतपण आहे, आठवा महिना लागला आहे, घरात कमावणारा एकच. भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या तर दुकानदाराने रंगीत डब्यातला 'बेबी सेट' पुढे केला : पावडर, साबण, शाम्पू, लोशन, तेल, ओले रुमाल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या. सासूबाई म्हणतात हे सगळे फुकटचे नखरे, सुरमा, घुटी आणि ग्राइप वॉटर आणले की झाले. माहेरहून निरोप आला की मालिशला जैतूनचेच तेल हवे. तिघांचेही मन राखायचे आणि खिसाही सांभाळायचा, तर काय करावे?

हा प्रश्न एका घराचा नाही, म्हणून उत्तर आम्ही या पानावरच देत आहोत.

आधी पावडर, कारण सेटमध्ये सर्वांत मोठा डबा तिचाच असतो. पावडरीवरून आपल्याच राज्यात मोठे प्रकरण घडले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. पुणे व नाशिक येथून घेतलेल्या नमुन्यांत पावडरीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे प्रमाण, ठरलेल्या मर्यादेत नाही, असे प्रशासनाचे म्हणणे होते. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नवे नमुने तपासले गेले, ते प्रमाणात निघाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते आदेश रद्द केले. जुने नमुने घेतल्यापासून कारवाई होईपर्यंत वर्षे उलटली होती, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. म्हणजे दोष सिद्ध झाला असे कोणी म्हणू नये. त्याच सुमारास कंपनीने मात्र टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, वापरलेली बेबी पावडर २०२३ पासून जगभर बंद करून मक्याच्या पिठाची आणणार असे जाहीर केले.

बातमी वाचून पुष्कळ घरांत डबा बदलला. आमचा प्रश्न असा की डबा हवाच कशाला? कोणत्याही कंपनीची घ्या, पावडर म्हणजे हवेत उडणारी बारीक धूळ. बाळाच्या अंगावर थापताना ती नाकातोंडात जाते आणि ते इवलेसे फुप्फुस ती बाहेर टाकू शकत नाही. मक्याचे पीठही उडतेच. मानेच्या आणि जांघेच्या घडीत पावडर घामाने भिजून गोळा होते आणि तिथेच कातडी सोलवटते. मुर्धा, राई, मोर्वा हा पट्टा खाडी आणि मिठागरांच्या शेजारचा. तिथली दमट हवा काय असते हे आम्ही सांगायला नको. बाळाला घामोळे येणारच. त्यावर उपाय पावडर नव्हे : सुती झबले, पंख्याची हवा (झोत अंगावर नको), आणि घड्या साध्या पाण्याने पुसून मऊ कापडाने कोरड्या टिपणे. यात एक रुपयाही जात नाही.

तेलाचे म्हणाल तर माहेरचा निरोप प्रेमाचा आहे. जैतूनला आपल्या घरांत मान आहे आणि जेवणात ते उत्तमच. पण नवजात कातडीची गोष्ट वेगळी. त्या तेलात ओलिक आम्ल बरेच असते आणि त्याने कातडीवरचा रक्षक थर सैल पडतो, असे इंग्लंडमध्ये बाळांवर केलेल्या पाहणीत दिसून आले आहे. मोहरीचे तेलही झोंबते. आपल्या कोकणपट्टीला खोबरेल मिळते ते बाळाला सर्वांत मानवते. सुवास न घातलेले, साधे घ्या. जैतूनची बाटली आईच्या जेवणात वापरावी, म्हणजे निरोपाचाही मान राहील. मालिश हलक्या हाताने करावी. कानात, नाकात, डोळ्यांत तेल सोडू नये. मालिशवाली बाई बाळाची छाती पिळून 'दूध काढते' असे काही ठिकाणी अजून चालते. मुलगी असो की मुलगा, नवजात बाळाची छाती थोडी फुगलेली असणे नैसर्गिक आहे आणि ती आपोआप बसते. पिळल्याने तिथे पू होतो. बाईला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. वयाने मोठ्या असल्या तरी सांगावे.

आता एक गोष्ट जी कोणत्याही सेटमध्ये नसते आणि जिची आम्हांला सर्वांत जास्त धास्ती वाटते. घरोघरी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली झबली, दुपटी, टोपरी असतात. मोठ्या भावंडाची, कधी बापाच्या बाळपणाचीही. ती कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवलेली असतात. या पांढऱ्या गोळ्यांत बहुधा नॅप्थॅलिन असते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मतःच कमतरता असते. हा दोष आईकडून येतो आणि बहुधा मुलांत दिसतो. बाहेरून काहीच कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे घातले तर लाल पेशी भराभर फुटतात, कावीळ एकाएकी चढते आणि ती मेंदूपर्यंत गेली तर कायमचे नुकसान होते. नुसते उन्हात टाकून वास गेला म्हणून भागत नाही. म्हणून आमचे म्हणणे : बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळी ठेवूच नका. ज्यांना गोळी लागली आहे ते कपडे गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन चांगले वाळवा, तरी वास येत असेल तर बाळाला घालू नका. आठवण म्हणून एखादे झबले जपायचे असेल तर जपा, पण कपाटात. गोधडी, रजई, पाहुण्यांनी आणलेली शाल, यांचाही वास घेऊन पाहावा.

सुरम्याबद्दल सासूबाईंना समजावणे कठीण जाईल हे आम्ही जाणतो. वडीलधाऱ्यांच्या हातचा सुरमा म्हणजे माया. पण बाजारात सुरमा म्हणून विकला जाणारा काळा चकचकीत दगड पुष्कळदा शिशाचे खनिज असतो. बोट तोंडात, डोळा चोळून पुन्हा बोट तोंडात, असे करत शिसे पोटात जाते. शिसे मेंदूची वाढ खुंटवते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. शिवाय बोटाने काजळ घालताना डोळा येतो, अश्रूंची बारीक नळी बुजते. सुरम्याने डोळे मोठे होत नाहीत. नजरेची भीती वाटत असेल तर त्यासाठी दुआ आहे, शिसे नको. आणि तावीज बांधायचाच असेल तर दोरा गळ्यात बांधू नका, झोपेत तो आवळला जाऊ शकतो.

ग्राइप वॉटरची कथा मजेची आहे. १८५१ च्या सुमारास विल्यम वुडवर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने ते काढले. त्यात बडीशेपेसारख्या शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क दारूचा अंश असे! बाळ शांत का होत असे हे वेगळे सांगायला नको. आज आपल्याकडच्या बाटल्यांवर मद्यार्क नसल्याचे लिहिलेले असते आणि बाटली उचलताना आपल्या भगिनी तेवढे वाचतात. वाचावेच. पण हलाल असणे आणि बाळाला गरजेचे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिले सहा महिने आईचे दूध आणि फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. घुटी नको, ग्राइप वॉटर नको. बाळ संध्याकाळी कळवळून रडते ते बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, पोटाशी धरून फिरावे.

तहनीकविषयी कोणी विचारेल. खजूर स्वच्छ धुऊन, अगदी मऊ करून, धुतलेल्या बोटाने टाळ्याला नुसता स्पर्श करावा. ज्या बुजुर्गांना खोकला आहे, ओठावर फोड आहे, त्यांनी त्या दिवशी हा मान दुसऱ्याला द्यावा. बाळ वेळेआधी जन्मले असेल तर डॉक्टरांना विचारून. खजुराऐवजी मध मात्र चाटवू नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मधातले काही जिवाणू वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते. एक वर्षानंतर मध खुशाल द्यावा.

मग पेटीत काय ठेवावे? सात-आठ सुती झबली, बंद पुढून बांधायचे. जुन्या मऊ ओढण्यांचे वीस-पंचवीस लंगोट, डांबरगोळ्यांपासून दूर राहिलेले. डायपर रात्री किंवा प्रवासापुरते. लाली आली तर झिंक ऑक्साइडचे मलम. ओल्या सुगंधी रुमालांऐवजी कापूस आणि कोमट पाणी. एक सौम्य, बिनवासाची साबणवडी. तीही रोज नको, आणि बेसनाने घासणे तर मुळीच नको. कानाच्या काड्या दुकानातच राहू द्या. लहान, बोथट टोकाची कात्री, नखे बाळ झोपल्यावर कापण्यासाठी. डिजिटल थर्मामीटर, पाऱ्याचा काचेचा नको. दुधाची बाटली विकत घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात आपल्या देशात बंद केली ती उगाच नव्हे. कधी काढलेले दूध पाजावे लागले तर वाटी-चमचा पुरे. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब बालरोगतज्ज्ञ लिहून देतात, ते वर्षभर न चुकता द्यावेत. या सगळ्या यादीत रोज पैसे घालावे अशी वस्तू तेवढीच.

नाळेवर काहीही लावू नये. हळद, राख, तेल, सुरमा, काहीच नाही. कोरडी ठेवावी, लंगोट तिच्या खाली बांधावा. एक-दोन आठवड्यांत गळून पडते. पहिली आंघोळ जन्मानंतर निदान चोवीस तासांनी; वजन कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पुसूनच घ्यावे. लोबानचा धूर बाळाच्या खोलीत नको.

लसीचा खर्च सरकारी दवाखान्यात नाही. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची पहिली मात्रा, ही शेवटची तर चोवीस तासांच्या आत. प्रसूती कुठेही होवो, या तिन्हींची नोंद कार्डावर आहे का हे घरी निघण्याआधी पाहावे. काखेत ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त, दूध ओढणे बंद, पहिल्याच दिवशी पिवळेपणा किंवा तळपाय पिवळे, नाळेभोवती लाली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे : यांपैकी काही दिसले तर रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठायचा. मुर्ध्याहून रात्री वाहन लवकर मिळत नाही, तेव्हा रिक्षावाल्याचा नंबर आठव्या महिन्यातच भिंतीवर लिहून ठेवावा.

राहिला अकीका. सातव्या दिवशी जावळ काढताना न्हाव्याचा उस्तरा नको; पाकीट आपल्यासमोर फोडलेले नवे पाते हवे, कारण जुन्या पात्यावरून कावीळ-बी पसरते. टाळूवर हात हलका ठेवायला सांगावे. बाळ आजारी किंवा अशक्त असेल तर चौदावा किंवा एकविसावा दिवस आहेच. केस एका कोरड्या कागदात गोळा करून सोनाराकडे न्यावेत. नवजात बाळाच्या जावळाचे वजन इतके थोडे भरते की स्वयंपाकघराचा काटा हलतही नाही. सोनाराच्या काट्यावर ते नीट कळते, आणि तेवढ्या चांदीची किंमत त्याच दिवशी गरजूच्या हाती देता येते.