गरोदर झाडूवालीचा श्वास

पहाटे शहराचे रस्ते झाडणाऱ्या आपल्या माता-भगिनींच्या नाकातोंडात रोज धूळ जाते. त्यातली एखादी दमेकरी बाई गरोदर राहिली की घरचे सांगतात, ‘पंप बंद कर, बाळाला बाधेल.’ हा घातक गैरसमज आहे. दमा आटोक्यात नसला तर आईचा रक्तदाब वाढण्याचा, बाळ अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. पंपाची नेहमीची औषधे गरोदरपणात व अंगावर पाजतानाही सुरक्षित मानली जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नयेत.

पण पंप ओढून पुन्हा धुळीतच उतरायचे काय? 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देऊन गरोदर स्त्रीची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न ठरविला. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही हा लाभ मिळवून दिला. प्रसूती रजेत कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. तरीही नाव कमी होईल या भीतीने कंत्राटी बाई दिवस लपवते आणि धूळ गिळत राहते.

ही भीती संघटनाच घालवू शकते. कार्यकर्त्यांनो, भगिनींचे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या!