कपाटातली नोटीस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेल्या चौकटी आपण बहुतेक वेळा न वाचताच उलटतो. 'मागणी सूचना', 'ताबा सूचना', 'जाहीर ई-लिलाव' असे त्यांचे मथळे असतात. एखाद्या सकाळी दहा मिनिटे काढून त्या वाचाव्यात. भिवंडी, मुंब्रा, मीरा रोड, मालेगाव, कोंढवा असे ओळखीचे पत्ते त्यांत सापडतील. नवरा कर्जदार, बायको सहकर्जदार, मेहुणा जामीनदार अशी आपल्या घरांतल्यासारखी नावेही सापडतील.

गेल्या वर्षी अशाच एका चौकटीतले घर माझ्या नात्यातले निघाले. चाचांनी यंत्रमागांसाठी राहते घर तारण ठेवून कर्ज घेतले होते. धंदा बसला, हप्ते थकले. लिलावाची नोटीस दारावर चिकटली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. मग चाचींनी कपाटातून, शालीच्या घडीखालून, आधीची तीन पाकिटे काढली. त्यांतली दोन उघडलेलीही नव्हती. मी विचारले तेव्हा चाचा म्हणाले, "इंग्रजीत होतं बेटा. आणि कुणाला वाचायला दिलं असतं, तर मोहल्ल्यात कळलं असतं."

घर लिलावाच्या दिवशी हातातून जाते, असा आपला समज आहे. खरे तर ते पाकिटे कपाटात पडून असतात त्या महिन्यांत जाते. या महिन्यांत काय घडते, हे आपल्या प्रत्येक शिकलेल्या मुलामुलीला माहीत असले पाहिजे.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना आणि गृहकर्ज कंपन्यांना, न्यायालयात दावा न लावता, तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. हा अधिकार सहकारी बँकांनाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला. ते प्रकरण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचे होते. म्हणजे 'बँक कोर्टात जाईल, तारखा पडतील, तोवर बघू' हा हिशेब इथे चालत नाही.

थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादक ठरते. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते आणि ६० दिवसांत सगळे देणे फेडायला सांगते. इथे 'सगळे' म्हणजे थकलेले चार हप्ते नव्हेत, तर पूर्ण कर्ज. या मुदतीत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते. ती बँकेला मान्य नसेल तर तिने १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. व्याजाचा हिशेब चुकला आहे, भरलेली रक्कम जमा दाखवलेली नाही, असे काही असेल तर ते सांगण्याची ही पहिली आणि सर्वांत स्वस्त संधी आहे. चाचांची ही संधी न उघडलेल्या पहिल्या पाकिटात गेली.

पुढची पायरी सांकेतिक ताब्याची. दारावर नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. कुटुंब घरातच राहत असते, चूल पेटत असते, त्यामुळे काहीच झालेले नाही असे वाटते. प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, तेव्हा पोलीस आणि कुलूप दिसते. त्याआधी किंवा नंतर मूल्यांकन होते, राखीव किंमत ठरते आणि विक्रीची ३० दिवसांची नोटीस निघते. पहिल्या लिलावात गिऱ्हाईक आले नाही, तर पुढच्या लिलावाला १५ दिवसांची नोटीस पुरते.

यात एक बदल नीट लक्षात ठेवावा. पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे भरून घर सोडवता येत होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात तेच पक्के केले. म्हणून 'लिलावाच्या आदल्या दिवशी सोने मोडू, भावंडांकडून गोळा करू आणि घर सोडवू' ही कल्पना आता धोक्याची आहे. तुम्ही पैसे घेऊन जाल आणि दार बंद झालेले असेल.

त्याआधी काय करता येते? बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी करता येतात. बँकेच्या लेखी संमतीने आपणच गिऱ्हाईक आणून घर विकता येते. लिलावात किंमत बहुधा पडते, त्यापेक्षा हा सौदा बरा. संमती नसताना मात्र घर कुणाच्या नावावर करायला जाऊ नये, कारण मागणी नोटीस आल्यावर कायद्याने त्याला बंदी आहे. बँकेची कारवाई बेकायदा वाटत असेल तर ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. दिवाणी न्यायालयात दावा टाकून स्थगिती आणतो असे सांगणारा कुणी भेटला तर सावध राहा. अशा वादांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही आणि तिथे घालवलेल्या दिवसांत ४५ दिवसांची मुदत संपून जाते.

काही मालमत्ता या कायद्याच्या बाहेर आहेत, हेही तपासावे. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. तारण कर्ज एक लाख रुपयांपर्यंतचे असेल, किंवा मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी देणे उरले असेल, तरीही चालत नाही.

आपल्या घरांतला आणखी एक प्रश्न आहे, तो बहिणींचा. अब्बांच्या पश्चात घर भावाच्या ताब्यात राहते, वाटणी कागदावर येत नाही, आणि भाऊ ते अख्खे घर तारण ठेवतो. शरियतने दिलेला बहिणीचा हिस्सा आपण तकरिरीत अभिमानाने सांगतो आणि बँकेत जाताना विसरतो. न्यायाधिकरणाचे दार फक्त कर्जदाराला उघडे नसते. कारवाईमुळे ज्याचे नुकसान होते अशा कोणत्याही व्यक्तीला तिथे जाता येते. बहिणीलाही. पण तिला नोटिशीची खबरच दिली नाही तर ती जाणार कशी?

लिलाव झाला म्हणजे हिशेब संपला असेही नाही. बँकेचे देणे आणि खर्च वजा जाऊन रक्कम उरली, तर ती मालकाची असते. कमी पडली, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते. म्हणून मेहुण्याच्या कागदावर सही करताना आपण फक्त नाते निभावत नसतो, देणेही अंगावर घेत असतो.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्यातले अनेक तरुण हल्ली लिलावातल्या घरांकडे गिऱ्हाईक म्हणून पाहतात. त्याचे एक कारण किंमत. दुसरे कारण उघड बोलले जात नाही. फोनवर घर 'आहे' असते, नाव सांगितल्यावर ते 'आताच गेले' असते. ई-लिलावात मालक नाव ऐकून नकार देऊ शकत नाही. अनामत भरली आणि बोली सर्वांत वरची असली की पुरते. पुढे गृहनिर्माण संस्थेलाही पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. ही लहान गोष्ट नाही. पण घाईत उडी मारणाऱ्याचे हात इथे हमखास पोळतात.

लिलावाच्या जाहिरातीत एक ठरलेले वाक्य असते: 'जे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे तेथे आहे तत्त्वाने'. सोप्या भाषेत सांगायचे तर विक्रीनंतर तक्रार चालणार नाही. संस्थेची थकबाकी, पालिकेचा कर, वीजबिल यांची चौकशी गिऱ्हाइकाने आधी करायची. नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाचे वीजबिल नव्या मालकाकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिले असेल तर घरात अजून कुणी राहत आहे, असे धरून चाला. तुम्ही पैसे भराल आणि चावीसाठी थांबून राहाल. मुद्रांक शुल्कही तुमच्याच खिशातून जाईल.

पैशांचे वेळापत्रक तर फार कडक आहे. समजा, ४० लाखांना घर तुम्हाला सुटले. अनामत बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते, ती तुम्ही आधीच भरलेली आहे. ती धरून २५ टक्के, म्हणजे १० लाख, त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे. उरलेले ३० लाख विक्री मंजूर झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची. मुदत चुकली तर भरलेले १० लाख जप्त होतात, आणि अशी पूर्ण जप्ती योग्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. कर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

म्हणून बोलीआधी स्वतः जाऊन घर पाहा. वकिलाकडून मालकीहक्काचा शोध घ्या, इमारत अधिकृत आहे का ते पालिकेत विचारा, न्यायाधिकरणात खटला चालू आहे का ते तपासा. सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या संकेतस्थळावर दिसतात. 'आतून सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या दलालाची तिथे काहीच गरज नाही.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: दुसऱ्याचे गेलेले घर घेणे बरे का? फतवा देणे आमचे काम नाही, ते उलेमांना विचारावे. पण लिलाव आपल्या परंपरेला परका नाही. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाच्या घरातली चादर आणि वाटी रसूलुल्लाहनी स्वतः बोली लावून दोन दिरहमना विकली. एका दिरहमचे घरासाठी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड, आणि माणूस लाकडे तोडून कमवायला लागला, असे हदीसमध्ये येते. त्या लिलावाचा हेतू त्या माणसाला उभे करण्याचा होता. घ्यायचे नसताना किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, ज्याला नज्श म्हणतात, तेही हदीसने मना केले आहे. उलट बाजूने, बोलणाऱ्यांनी आपसांत ठरवून किंमत पाडली तर त्या मालकाच्या हाती उरणारी रक्कम आपण खातो, हेही समजून घ्यावे.

आणि कर्जदाराचे काय? सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूस आहे. रमजानमध्ये आपण जकात वाटतो तेव्हा या हकदाराला किती वेळा शोधतो? तो स्वतः पुढे येत नाही, कारण व्याजाचे कर्ज घेतल्याबद्दल त्याला दोषी ठरवायला आपण सगळे टपलेले असतो. व्याजाबद्दल मिंबरवरून बोलले पाहिजेच. पण त्या बोलण्याचा परिणाम माणसे कर्ज न घेण्यात झाला नसेल आणि कर्ज लपवण्यात झाला असेल, तर आपले काहीतरी चुकते आहे. लपवलेल्या कर्जात ६० दिवस आणि ४५ दिवस असेच निघून जातात.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जमातीने, प्रत्येक मोहल्ला समितीने आठवड्यातून एक संध्याकाळ 'नोटीस वाचन' ठेवावे. इंग्रजी वाचणारी दोन मुले-मुली, महिन्यातून एकदा येणारा एक वकील आणि बाहेर काही न बोलण्याचा नियम, एवढेच लागते. वाचून द्यायचे, तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची, हरकतीचे पत्र लिहायला मदत करायची. कर्ज का घेतले, हे विचारायचे नाही.

चाचांचे घर वाचले नाही. आम्ही पाकिटे उघडली तोवर जाहीर नोटीस छापून गेली होती. देणे फिटून थोडी रक्कम उरली होती, ती मागावी लागते हेही त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही अर्ज लिहिला, ती मिळाली. त्यातून त्यांनी भाड्याच्या घराची अनामत भरली. नव्या घरी सामान लावताना चाचींनी टपालासाठी एक खिळा दाराशेजारी ठोकून घेतला आहे. येणारे प्रत्येक पाकीट त्या आता तिथेच अडकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे.