बॉनेटखालचा रंग

गाडीचा रंग कोणता, असं विचारलं तर कुणीही सांगेल. पण इंजिनाचा रंग कोणता? परवा कॅन्टीनमध्ये हा प्रश्न टाकला तर मेकॅनिकलच्या पोरांनीसुद्धा "काळा... म्हणजे तेलाचा!" असं उत्तर दिलं. सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. आता मात्र या विषयावर माझं चक्क मत आहे आणि ते मला माझ्याच एका मूर्खपणातून मिळालंय. (पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, मंडळी!)

आमच्या आजोबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला बनवली. पन्नाशीतल्या गोलमटोल मॉडेलला आपण मराठी माणसांनी 'डुक्कर फियाट' करून टाकलं आणि पुढच्या मॉडेलला १९७४ मध्ये कंपनीनेच पद्मिनी हे नाव दिलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची सोसायटीत ताडपत्रीखाली गंजत होती. म्हटलं, करू या रिस्टोअर. आणि करायची तर ओरिजिनल.

इंजिन खाली उतरवलं त्या रविवारी गॅरेजवाले काका जेवायला गेले होते. ब्लॉकवर बोटभर तेलाचा आणि धुळीचा थर. रॉकेलने धुतलं तर खाली चंदेरी रंग निघाला. तो कंपनीचा नसणार हे मलाही कळलं, कारण त्यात ब्रशचे केस चिकटलेले होते. आधीच्या कुठल्या तरी ओव्हरहॉलला कुणीतरी हाताने फासलेला. मग काय, ड्रिलला वायर ब्रश लावला आणि पंधरा मिनिटांत लोखंड चकाचक! इतकी खूश झाले की फोटो काढला. इंजिनाचा पहिला फोटो, आणि तोही साफ झाल्यावर.

काका आले, बघितलं आणि म्हणाले, "ताई, चंदेरीच्या खाली काय होतं?"

काहीतरी होतं. ब्रश फिरताना दोन रंगांची पूड उडत होती हे मी पाहिलं होतं. पण ती पूड मी रॉकेलच्या चिखलासकट झाडून टाकली होती. ४७ वर्षं टिकलेली गोष्ट पंधरा मिनिटांत संपली. आजोबांना विचारलं. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला माणूस, त्यांना नक्की आठवत असेल असं वाटलं. ते म्हणाले, "अगं, बॉनेट उघडायचो ते रेडिएटरमध्ये पाणी घालायला. रंग कोण बघतंय!"

बघणारे लोक असतात बरं का. अमेरिकेत साठच्या दशकातल्या मसल कारचं इंजिन रंगावरून ओळखतात. शेवरलेट नारिंगी, फोर्ड गडद निळा वगैरे. (शेवरलेट म्हटलं की आपल्याला तळेगावची स्पार्क आठवते. तो कारखानाही २०२० मध्ये बंद पडला.) तिथे इंजिन जोडून झाल्यावर वरून स्प्रे मारत. मारणाऱ्याला घाई. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही शिंतोडे उडायचे आणि गाडी तापली की जळून जायचे. आज रिस्टोअर करणारे तेच शिंतोडे मुद्दाम मारतात! कॉर्व्हेटवाल्यांची १९७४ पासून एक संस्था आहे, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का ते तपासतात. गरजेपेक्षा जास्त चकचकीत केली तरी मार्क कापतात. आपल्या सबमिशनला हा नियम लावला तर निम्मा वर्ग सुटेल.

काकांचं म्हणणं वेगळं. त्यांना ब्लॉक लाल करायचाय आणि हेडही. "बॉनेट उघडलं की पब्लिकने फोटो काढला पाहिजे." शिवाय, "कंपनीने तरी कुठे प्रेमाने मारलाय? स्वस्तात पडला तो मारला." हा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच मी लालच्या विरुद्ध आहे. स्वस्तात पडला तो मारला, हीच तर त्या गाडीची खरी गोष्ट आहे. लाल रंगात ती कुठे दिसणार?

रंगाची गरज नाही असं मी म्हणत नाही. ब्लॉक बिडाचा आहे, पुण्याच्या एका पावसाळ्यात तो तांबूस होईल. हेड ॲल्युमिनियमचं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, म्हणून त्याला उघडंच ठेवायचं. मॅनिफोल्डवर साधा इनॅमल टिकत नाही, जळून धूर करतो. जॅस्केट बसते त्या कडांना रंग नको. आणि अर्थिंगची पट्टी ब्लॉकला लागते ती जागा खरवडून मोकळी ठेवायची, नाहीतर बॅटरी नवी असूनही स्टार्टर नुसता टकटक करत बसेल. हे सगळं नीट केलं तर रंग कुठलाही असो, इंजिन चालेल. फरक पडतो तो आपण पुढच्या माणसाला काय सांगतो त्यात. ज्याचा पुरावा मी स्वतः झाडून टाकला, त्याला ओरिजिनल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या पद्मिनीचं बघून मारावा, तर तीही कुणीतरी रंगवलेली असतेच. नाना पेठेत जॅस्केटचा सेट मिळाला, पण रंगाबद्दल तीन दुकानांत तीन उत्तरं मिळाली, तिन्ही ठाम. तेव्हा माझं मत असं की साधा, न चमकणारा रंग मारावा आणि गाडीच्या फाइलमध्ये 'इंजिनाचा रंग अंदाजाने' असं तारखेसकट लिहून ठेवावं. घरच्यांना हे वेडेपणाचं वाटतं.

पण अजून एक गंमत आहे. मागच्या आठवड्यात टॉर्च घेऊन ब्लॉक पुन्हा पाहिला. माउंटिंगजवळच्या एका खाचेत वायर ब्रश पोचला नव्हता. नखाएवढा तुकडा, वर चंदेरी. खाली काय आहे, माहीत नाही. या वेळी आधी फोटो काढलेत, चार बाजूंनी. येत्या रविवारी काकांसमोर १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हातानेच घासणार, एकेक थर. काका म्हणाले, "घास बाई. तोवर लालचा डबा फोडत नाही."