गोठ्यातील गोचीड

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे शेकताना पांढुर्णा-सौंसरकडील घरांत जनावराच्या अंगावरून मायेने हात फिरतो. बोटांना गोचीड लागला की तो उपटून नखाखाली चिरडावयाचा, ही आपली जुनी रीत. ती सोडलेली बरी.

गोचीड नुसते रक्त पिऊन थांबत नाही. त्याच्या लाळेतून थायलेरियाचे जंतू जनावराच्या शरीरात शिरतात. मग भरताप येतो, खांद्यापुढील गाठी सुजतात, दूध आटते. वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. या पट्ट्यातील मूळची गवळाऊ जनावरे हा गोचीडताप बरीचशी सोसतात. दुधाच्या आशेने आणलेली संकरित गाय मात्र हां हां म्हणता ढासळते, आणि तिच्याबरोबर घरचा हिशेबही. माणसाचे म्हणाल तर, २०११ साली गुजरातेत आढळलेला क्रिमियन-काँगो ताप गोचिडाच्या चाव्याने पसरतो, तसाच तो चिरडणाऱ्याच्या बोटांतूनही शिरू शकतो. म्हणून गोचीड चिमट्याने काढावा व विस्तवात टाकावा.

पण आपण जनावर घासतो आणि भिंत विसरतो! रक्ताने टरारलेली मादी खाली गळून पडते व गव्हाणीच्या, भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. त्या भेगा लिंपून बुजवाव्यात. पशुवैद्यांना विचारून औषध जनावराबरोबर भिंतींवरही फवारावे. त्या वेळी गव्हाणीतील वैरण व पाण्याची भांडी बाहेर काढावीत. एका फवारणीने भागत नाही. अंडी उबली की पुन्हा फवारावे लागते.